आधी व्याख्या, मग वस्तू

संकेतस्थळांचा सारा व्यवहार ज्या एचटीटीपी या प्रोटोकॉलवर चालतो त्याला स्मरणशक्ती नाही. ब्राउझरकडून मागणी येते, सर्व्हर तिचे उत्तर सिद्ध करून पाठवतो आणि त्याच क्षणी, निदान पीएचपीच्या रूढ पद्धतीत तरी, त्या मागणीसाठी स्मृतीत जे जे उभे केले होते ते सारे विसर्जित होते. पुस्तकांच्या एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर वाचकाने एका पानावर कादंबरी निवडली आणि दुसऱ्या पानावर शब्दकोश निवडला, तर या दोन्ही कृती एकाच माणसाच्या आहेत हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. ते कळावे म्हणून सेशन नावाची तजवीज करावी लागते, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरला कुकीच्या द्वारे एक ओळखक्रमांक द्यावयाचा आणि त्या क्रमांकाखाली त्याची हकीकत सर्व्हरवरील फाइलीत किंवा डेटाबेसात नोंदवून ठेवावयाची. ही हकीकत आकडे आणि अक्षरे यांपुरती असते तोवर फारसे बिघडत नाही. परंतु प्रोग्रामर जेव्हा सबंध ऑब्जेक्टच नोंदवून ठेवतो, आणि पुढच्या मागणीच्या वेळी तो पूर्ववत जिवंत व्हावा अशी अपेक्षा धरतो, तेव्हा त्या ऑब्जेक्टच्या क्लासची व्याख्या कोणी, केव्हा आणि कोणत्या भरवशावर हजर करावयाची हा प्रश्न उभा राहतो. आणि वरवर तो केवळ यंत्रविषयक दिसला तरी त्याच्या मुळाशी काल लिहिलेले आज कोणत्या अर्थाने वाचावे हाच विचार आहे.

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि दोहोंच्या मागे अनुभवाचे बळ आहे. पुढील संवादातील आत्याबाई पीएचपीची २००० साली आलेली चौथी आवृत्ती प्रचारात होती तेव्हापासून संकेतस्थळे बांधीत आल्या आहेत. त्यांचा भाचा या व्यवसायात उतरला तेव्हा लागेल तो क्लास लागेल तेव्हा आपोआप दाखल करून घेण्याची सोय सार्वत्रिक झालेली होती. ऑब्जेक्ट साठवावा, पण त्याची व्याख्या आधी हजर ठेवावी, असे आत्याबाईंचे मत. ऑब्जेक्ट मुळी साठवूच नये, साधी माहिती साठवावी आणि तिच्यावरून तो दर वेळी नव्याने घडवावा, असे भाच्याचे.

भाचा : आत्याबाई, तुमच्या कोडात सेशन सुरू होताच टोपलीचा ऑब्जेक्ट जसाच्या तसा हाती येतो आणि पान त्याला ताबडतोब एकूण रक्कम विचारू लागते, हे दिसावयास मोठे सुबक आहे, पण ‘जसाच्या तसा’ हा भास आहे असे मला वाटते, आणि ज्या रचनेचा पाया भासावर उभा आहे ती कितीही सुबक असली तरी तिच्यावर दुकानाचा हिशेब सोपवू नये.

आत्याबाई : भास कोणता आणि वस्तुस्थिती कोणती हे ठरवण्यापूर्वी आपण नोंदच उघडून पाहू, कारण या विषयावर हिरिरीने बोलणाऱ्या पुष्कळांनी ती एकदाही डोळ्यांखालून घातलेली नसते. पीएचपीत क्लासचे नाव देवनागरीतही ठेवता येते. तेव्हा आपल्या क्लासचे नाव ‘टोपली’ आहे, तिच्यात ‘गाव’ नावाची एकच प्रॉपर्टी आहे आणि तिचे मूल्य ‘पुणे’ आहे असे समज. हा ऑब्जेक्ट सिरियलाइझ केला म्हणजे जो मजकूर तयार होतो, त्याच्या आरंभी ऑब्जेक्टचे निदर्शक असे रोमन लिपीतील ‘ओ’ हे अक्षर असते, त्यापुढे १५ हा आकडा, कारण यूटीएफ-८ या पद्धतीत ‘टोपली’ची पाच चिन्हे प्रत्येकी तीन बाइट घेतात, मग अवतरणचिन्हांत ते नाव, मग प्रॉपर्टींची संख्या, आणि शेवटी महिरपी कंसात नाव व मूल्य अशी जोडी, तिच्यात ‘गाव’पुढे ९ आणि ‘पुणे’पुढे १२ अशी लांबी मांडलेली. प्रॉपर्टी खासगी असेल तर तिच्या नावाआधी दोन शून्य-बाइटांच्या मध्ये क्लासचे नाव पुन्हा एकदा लिहिले जाते, आणि म्हणून त्याच ‘गाव’ची लांबी २६ भरते. एवढ्यात नोंद संपली. रक्कम कशी मोजावी, सवलत केव्हा द्यावी, टपालखर्च कोणाला माफ करावा, हे सांगणारी एकही मेथड तिच्यात नाही.

भाचा : मग माझेच म्हणणे तुम्ही सिद्ध केलेत. साठवला तो ऑब्जेक्ट नव्हेच. साठवली ती त्याच्या प्रॉपर्टींची यादी आणि सोबत एक नाव. तीच यादी साध्या ॲरेच्या रूपाने, जेसनमध्ये साठवली असती, तर त्या नावाचे ओझे कशाला बाळगावे लागते?

आत्याबाई : कारण ते नाव ओझे नव्हे, हवाला आहे. जुन्या सनदेत अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे नाव असे, त्या हुद्द्याला कोणते अधिकार आहेत ते सनदेत लिहिलेले नसे. ते ज्या त्या वेळच्या कायद्यात पाहावे लागत. आपल्या नोंदीचेही तसेच आहे. ‘ही माहिती टोपलीची आहे’ एवढेच ती सांगते, आणि टोपली म्हणजे काय हे सांगण्याचे काम चालू कोडाकडे सोपवते. तू नाव गाळून नुसती यादी ठेवलीस तर ती कशाची यादी आहे हे तुझ्या डोक्यात राहील, नोंदीत राहणार नाही. आणि जे नोंदीत नाही ते तुझ्यानंतर त्या कोडाला हात घालणाऱ्याला कोठून कळावे?

भाचा : पण हवाला देऊन भागत नाही, ज्याचा हवाला दिला तो त्या क्षणी हजर असावा लागतो. आणि इतिहास पाहिला तर तुमच्या पिढीचा निम्मा त्रास त्याच्या गैरहजेरीचाच होता.

आत्याबाई : होता, आणि तो नाकारण्याचे मला कारण नाही. पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत सेशनची सोय भाषेतच अंतर्भूत झाली, आणि सेशन सुरू करण्याचा हुकूम दिला की इंजिन नोंद वाचून त्याच ठिकाणी, त्याच क्षणी ऑब्जेक्ट उभे करू लागे. त्या क्षणापूर्वी क्लासची फाइल दाखल झालेली नसली तर इंजिन अडून बसत नसे. ते ऑब्जेक्टला ‘पीएचपी इन्कम्प्लीट क्लास’ असे पर्यायी नाव देऊन उभे करी, आणि जे नाव नोंदीत होते ते त्याच्याच एका प्रॉपर्टीत जपून ठेवी. आजही ते असेच करते. माहिती सारी शाबूत, पण एकही मेथड नाही. मेथड बोलवावयास जावे तो इंजिन खुलासा करते की ज्या क्लासचा हा ऑब्जेक्ट आहे त्याची व्याख्या ऑब्जेक्ट पुनरुज्जीवित करण्याच्या आधी दाखल झालेली असली पाहिजे. क्लासची फाइल सेशन सुरू करणाऱ्या ओळीच्या खाली जोडलेली असावी आणि पाच ओळींच्या या उलटापालटीपायी सबंध दिवस खर्ची पडावा, असे प्रकार त्या काळी ठिकठिकाणी घडत.

भाचा : आणि सर्व्हरच्या मांडणीत सेशन आपोआप सुरू होण्याची कळ दाबलेली असेल तर?

आत्याबाई : तर प्रोग्रामरच्या पहिल्या ओळीच्याही आधी सेशन सुरू झालेले असे, आणि व्याख्या ‘आधी’ दाखल करावयास ‘आधी’ उरतच नसे. त्यावर अधिकृत मार्गदर्शिकेने दोनच मार्ग सांगितले आहेत: प्रत्येक पानाच्या अगोदर आपोआप जोडल्या जाणाऱ्या फाइलीत क्लासची व्याख्या ठेवावी, किंवा ऑब्जेक्ट आपल्या हाताने सिरियलाइझ करून नुसता मजकूर म्हणून सेशनमध्ये ठेवावा आणि व्याख्या दाखल झाल्यावर आपल्याच हाताने उलगडावा. या साऱ्या खटाटोपातून मी जो धडा घेतला तो क्रमाचा. आधी व्याख्या, मग वस्तू. हा क्रम ज्याच्या कोडात स्पष्ट दिसतो त्याला पुनरुज्जीवनाचे भय नाही.

भाचा : क्रमाची ती चिंता ऑटोलोडने मिटवली, म्हणून तर माझ्या वयाच्या प्रोग्रामरांना तिची आठवणही नाही. २००४ साली पाचव्या आवृत्तीबरोबर ऑटोलोडचे फंक्शन आले. अपरिचित नाव पुढे येताच इंजिन त्या फंक्शनला हाक मारी आणि ते योग्य ती फाइल आणून दाखल करी. पुढे ५.१ मध्ये अशी अनेक फंक्शने एकापुढे एक नोंदवण्याची सोय झाली, २०१२ साली बाहेरच्या लायब्ररी आणून त्यांच्या ऑटोलोडची व्यवस्था लावणारा कंपोझर प्रसिद्ध झाला, २०१३ च्या अखेरीस पीएसआर-४ या संकेताने क्लासचे नाव आणि फाइलीचा मार्ग यांची सांगड घालून दिली; आणि ते मूळचे एकेरी फंक्शन आठव्या आवृत्तीत बरखास्तच झाले. आज सेशन सुरू होताना नोंदीत ‘टोपली’ दिसली की इंजिन ऑटोलोडरला विचारते, तो फाइल आणतो, आणि तुमचा इन्कम्प्लीट क्लास सहसा दृष्टीस पडत नाही.

आत्याबाई : म्हणजे तुझाच आक्षेप तूच मोडीत काढलास. हवाला दिलेला अधिकारी आता हाकेसरशी हजर होतो. मग ऑब्जेक्ट साठवण्यास हरकत कोणती उरली?

भाचा : हजर होतो हे खरे, पण तोच हजर होतो काय? माझा खरा आक्षेप येथून सुरू होतो. व्याख्या दाखल होणे ही एक गोष्ट आणि ज्या व्याख्येनुसार नोंद लिहिली गेली तीच व्याख्या दाखल होणे ही दुसरी. ऑटोलोडर पहिलीची हमी देतो, दुसरीची नाही. एका संस्थेतला प्रकार मला ठाऊक आहे. तेथे सारे क्लास नेमस्पेसखाली नेण्याची सुधारणा झाली, त्यात ‘टोपली’ची ‘दुकान’ या नेमस्पेसखालील टोपली झाली. परंतु डेटाबेसात महिनोन्‌महिने जपून ठेवलेल्या टोपल्यांवर जुनेच नाव होते, त्या नावाची फाइल आता कोठेच नव्हती, आणि परत आलेल्या ग्राहकांच्या टोपल्या एकामागून एक अपुऱ्या अवस्थेत उघडू लागल्या.

आत्याबाई : त्यावर उपाय साधा आहे. क्लासला दुसरे नाव लावण्याचे फंक्शन ५.३ पासून भाषेत आहे. जुने नाव नव्या क्लासला लावून दिले की जुनी नोंद नव्या व्याख्येकडे जाते. शिवाय इन्कम्प्लीट क्लासची एक सज्जन बाजू तू विसरतोस: असा अपुरा ऑब्जेक्ट पुन्हा साठवला गेला तर तो आपल्या मूळ नावानेच लिहिला जातो. ज्या पानाला टोपलीशी कर्तव्य नाही ते पान तिची व्याख्या न आणताही तिला नकळत सुखरूप परत ठेवते. अपुरेपण जाहीर करणारी आणि तरीही ऐवजाला धक्का न लावणारी ही योजना मला नेहमीच विचारपूर्वक केलेली वाटली आहे.

भाचा : नाव बदलले तर निदान बोभाटा होतो, म्हणून ते संकट मी लहान मानतो. मोठे संकट नाव तेच राहून अर्थ बदलला म्हणजे येते. तुमच्या टोपलीत ‘दर’ ही प्रॉपर्टी रुपयांत होती असे समजा. २५० रुपयांचे पुस्तक, म्हणून २५०. पुढे अपूर्णांकांच्या हिशेबात तफावत पडू नये म्हणून कोणी शहाण्याने दर पैशांत ठेवावयाचे ठरवले आणि सर्व मेथड त्याप्रमाणे दुरुस्त केल्या. नवी व्याख्या निर्दोष आहे, ऑटोलोडर ती तत्परतेने आणतो, जुनी नोंद तिच्यात बिनतक्रार बसते, आणि ते पुस्तक अडीच रुपयांना विकले जाते. येथे ना सूचना, ना त्रुटीसंदेश. आणखी पाहा: क्लासमध्ये नवी प्रॉपर्टी घातली तर जुन्या नोंदीतून उठलेल्या ऑब्जेक्टमध्ये ती केवळ आरंभीच्या ठरीव मूल्याने येते, कारण पुनरुज्जीवनाच्या वेळी कन्स्ट्रक्टर चालतच नाही, त्या प्रॉपर्टीला प्रकार नेमून दिलेला असेल आणि आरंभीचे मूल्य दिलेले नसेल तर तिला स्पर्श करताच काम कोसळते. म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही ज्या अटी काळजीपूर्वक घातल्या, त्या प्रत्येक अटीला वळसा घालून हा ऑब्जेक्ट आत येतो.

आत्याबाई : हे म्हणणे वजनदार आहे आणि मी ते हलके करू पाहत नाही. जावाने यावर जो बंदोबस्त केला तो तुला ठाऊक असेल: तेथे क्लासवर आवृत्तीचा एक क्रमांक असतो, तोच नोंदीतही उतरतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर ऑब्जेक्ट उभा करण्यास इंजिन साफ नकार देते. पीएचपीत अशी रुजुवात आपोआप होत नाही, ती आपल्याला करावी लागते. पण आता माझाही प्रश्न ऐक. तू जेसनमध्ये ‘दर: २५०’ असे लिहिले असतेस आणि तुझ्या नव्या कोडाने ते पैसे समजून वाचले असते, तर पुस्तक कितीला गेले असते?

भाचा : अडीच रुपयांनाच.

आत्याबाई : मग दोष ऑब्जेक्ट साठवण्यात कोठे आहे? साध्या यादीलाही व्याख्या असतेच. ती क्लासच्या रूपाने एके ठिकाणी लिहिलेली असण्याऐवजी यादी वाचणाऱ्या पंचवीस ठिकाणांच्या समजुतींत विखुरलेली असते एवढाच फरक. कोणती किल्ली अवश्य असावी, कोणती नसली तरी चालेल, कोणत्या आकड्याचे एकक कोणते, हे सर्व कोणीतरी कोठेतरी गृहीत धरलेले असते. क्लासची व्याख्या हजर नसली तर इंजिन निदान ओरडून सांगते. तुझ्या यादीची अलिखित व्याख्या गैरहजर असली तर ओरडावयास कोणीच नसते. ऑब्जेक्ट टाळून तू प्रश्न सोडवलेला नाहीस, त्याला फक्त नजरेआड केले आहेस.

भाचा : ते मी अंशतः मान्य करतो. केवळ ॲरे साठवला म्हणजे कर्तव्य संपले असे मी म्हणत असलो, तर ते चूक ठरेल. पण माझी मागणी त्याहून अधिक आहे: साधी माहिती साठवावी, तिच्याबरोबर आवृत्तीचा आकडा साठवावा, आणि ऑब्जेक्ट परत घडवण्याचे काम एकाच नेमलेल्या फंक्शनकडे द्यावे, ज्याने आकडा पाहून जुन्या नोंदीचे नव्यात रूपांतर करावे आणि कन्स्ट्रक्टरच्या दारातूनच ऑब्जेक्टला आत घ्यावे. हे काम इंजिनाच्या अंतर्भागात अदृश्यपणे घडू नये, कोडात उघड्या डोळ्यांना दिसावे. आणि हे सारे घटकाभर बाजूला ठेवले तरी एक आक्षेप उरतो, ज्याला यादीच्या बाजूने प्रत्युत्तर आहे आणि ऑब्जेक्टच्या बाजूने नाही. तो सुरक्षिततेचा.

आत्याबाई : बोल. तू तेथे येणार हे मी ओळखून होते.

भाचा : नोंद कोणी लिहिली यावर तुमचा इतबार आहे म्हणून तुम्ही तिच्यातील नाव प्रमाण मानता. पण तीच नोंद परक्याच्या हातातून येत असेल, म्हणजे कुकीत ठेवलेली, फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यात ठेवलेली, किंवा ज्या तक्त्यात बाहेरचा मजकूर शिरू शकतो अशा तक्त्यातली असेल, तर कोणत्या क्लासचा ऑब्जेक्ट उभा करावयाचा हे तो परकाच ठरवू लागतो. तुमच्या कोडात तात्पुरत्या फाइलींचा एखादा निरुपद्रवी क्लास असतो, जो ऑब्जेक्ट संपताना आपल्या डिस्ट्रक्टरमध्ये स्वतःची फाइल पुसून टाकतो; परक्याने नोंदीत त्या क्लासचे नाव आणि फाइलीच्या मार्गाच्या जागी तुमच्या मांडणीच्या फाइलीचा मार्ग लिहिला की पुसण्याचे काम तुमचाच कोड इमानाने करतो. स्टेफान एसर यांनी २००९ साली आणि पुढच्या वर्षी ब्लॅक हॅट परिषदेत हे दाखवून दिले की हल्लेखोराला नवा कोड आत आणावाच लागत नाही, आत असलेल्या क्लासांची साखळी जुळवली की पुरे. आणि येथे तुमच्या क्रमाच्या धड्याची एक कटू बाजू उघडी पडते: फाइली हाताने जोडण्याच्या काळात निदान त्या पानावर दाखल असलेलेच क्लास त्याच्या कब्जात जात, ऑटोलोड आल्यापासून बाहेरून आणलेल्या लायब्ररींतला, तुम्ही कधी न वापरलेलाही प्रत्येक क्लास त्याच्या एका हाकेवर हजर होतो.

आत्याबाई : म्हणजे जी सोय व्याख्या आणून देते, तीच परक्याच्याही सेवेस तत्पर असते.

भाचा : नेमके तेच. २०१५ च्या डिसेंबरात जुमला या पीएचपीत लिहिलेल्या संकेतस्थळ-प्रणालीच्या बाबतीत जे घडले ते पाहा. ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून जो मजकूर पाठवतो तो जुमला सेशनमध्ये नोंदवीत असे आणि सेशन डेटाबेसात ठेवीत असे. हल्लेखोराने त्या ओळखीच्या मजकुरातच ऑब्जेक्टची नोंद लिहिली आणि शेवटी चार बाइटांचे एक चिन्ह ठेवले. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ-८ तक्त्यात अशा चिन्हापाशी मजकूर तुटे, तुटक्या नोंदीची सीमा वाचताना पीएचपीच्या जुन्या आवृत्त्या चुकत, आणि केवळ अक्षरे म्हणून आत आलेला मजकूर ऑब्जेक्ट होऊन उठे. सर्व्हरवरची फाइल आपली, डेटाबेस आपला, म्हणून आतली नोंदही आपली, हा विश्वास तेथे खोटा ठरला. त्याआधीच, २०१३ च्या १.६ आवृत्तीत, पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कने सेशनसाठी ऑब्जेक्ट साठवणाऱ्या पिकलऐवजी जेसन ठरवून दिले होते, आणि पुढच्याच वर्षी रुबीच्या रेल्सने नव्या ॲप्लिकेशनांच्या कुकींसाठी तोच निर्णय घेतला. ज्या समाजांनी एकमेकांची नक्कल करण्याचे कारण नव्हते ते एकाच निष्कर्षाला आले.

आत्याबाई : या मुद्द्यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. परक्याच्या हातातून गेलेली नोंद ऑब्जेक्ट म्हणून उलगडू नये. एवढेच नव्हे, तर उलगडताना कोणत्या क्लासांना मुभा आहे त्याची यादी देण्याची जी सोय २०१५ च्या अखेरीस सातव्या आवृत्तीने दिली, तिच्यावरही संपूर्ण विसंबू नये, कारण मुभा दिलेल्या क्लासमध्येही घातक मेथड असू शकते. स्वतः मार्गदर्शिकाच परक्या माहितीसाठी जेसन वापरा असे सांगते. पण मला सांग, सेशनची फाइल माझ्याच सर्व्हरवर आहे, ठरीव मांडणीप्रमाणे १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटे कोणी फिरकले नाही तर ती कचरा म्हणून झाडली जाऊ शकते, तिच्यात बाहेरचा मजकूर तपासल्यावाचून जात नाही, आणि एका मागणीतून दुसऱ्या मागणीत नेण्यापुरताच ऑब्जेक्ट तेथे वस्तीला आहे. अशा ठिकाणीही तुझा इतका कडक नियम कशासाठी?

भाचा : अशा ठिकाणी मी नियम सैल करीन, पण एका अटीवर. आज एकच कोड एकाच सर्व्हरवर क्वचित चालतो. पाच सर्व्हर असतात, सेशन रेडिससारख्या सामायिक ठिकाणी असते, आणि नवा कोड एकेका सर्व्हरवर क्रमाने चढवला जातो. त्या मधल्या काळात नव्या सर्व्हरने लिहिलेली टोपली जुन्या सर्व्हरच्या हाती पडते, ज्याच्याकडे तिच्या नव्या क्लासची व्याख्याच नसते. चोवीस मिनिटे थोडी असली तरी डिप्लॉय त्याच चोवीस मिनिटांत होतो. म्हणून ऑब्जेक्ट साठवावयाचा असेल तर त्याच्या बदलाचे दोन टप्पे करावेत: आधी सर्व सर्व्हरांना नवी नोंद वाचावयास शिकवावे, आणि मगच ती लिहावयास परवानगी द्यावी.

आत्याबाई : हे ऐकून मला समाधान वाटते, कारण माझ्या जुन्या क्रमाचाच हा विस्तार आहे: एका पानात मी जो क्रम पाळत आले तो तू पाच सर्व्हरांवर पसरवलास. आणि तुझ्या त्या नेमलेल्या फंक्शनचेही मला वावडे नाही, ७.४ पासून क्लासला स्वतःच्या नोंदीचा मसुदा स्वतः ठरवणारी आणि परत वाचताना ती स्वतः तपासणारी अशा दोन मेथड मिळाल्या आहेत. माझ्या टोपलीने त्यांतील पहिलीत आवृत्तीचा आकडा आणि साधी माहिती एवढेच द्यावे, डेटाबेसचा जोड, लॉगर यांसारखी त्या क्षणापुरती साधने गाळावी. आणि दुसरीत आकडा पाहून रुपयांचे पैसे करून घ्यावे किंवा नोंद ओळखीची नसेल तर स्पष्ट नकार द्यावा. अशा टोपलीत आणि तुझ्या आवृत्तीसह ठेवलेल्या यादीत अंतर किती उरले?

भाचा : फारच थोडे. उरले ते एवढेच, की तुमच्या नोंदीत क्लासचे नाव आहे आणि इंजिन ते वाचून कृती करते. माझ्या नोंदीत ते नाही, आणि कृती माझा कोड करतो. जेथे नोंदीच्या लेखकाविषयी तिळमात्र शंका आहे तेथे हे अंतर मला डोंगराएवढे वाटते, आणि जेथे शंका नाही तेथे मी ते सोडून देण्यास तयार आहे.

आत्याबाई : आणि मी म्हणते, जेथे नोंद दीर्घकाळ टिकावयाची आहे तेथेही तुझीच पद्धत बरी, कारण क्लासची नावे आमच्या सोयीने बदलतात आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या नोंदीने आमच्या सोयीचे बंधन का वाहावे? पण साधी यादी ठेवली म्हणजे व्याख्येचा प्रश्न मिटला, असे पुन्हा म्हणू नकोस.

येथे दोघांचे एकमत झाले असे म्हणण्यापेक्षा, मतभेदाची सीमा कोठे आहे हे दोघांना नेमके दिसले असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. या चर्चेचा मला जो निष्कर्ष वाटतो तो असा. साठवलेल्या ऑब्जेक्टमध्ये त्याची अवस्था असते, आचरण नसते. आचरण सदैव आजच्या कोडातून येते, आणि म्हणून प्रत्येक पुनरुज्जीवन हे कालच्या माहितीचे आजच्या व्याख्येशी लावलेले नाते असते. व्याख्या वेळेवर दाखल झाली पाहिजे हा या नात्याचा पहिला आणि सोपा भाग. तो ऑटोलोडने इतका सुकर केला आहे की त्यापुढील दोन कठीण भाग, म्हणजे ही नोंद कोणाच्या हातची आहे आणि ती लिहिली गेल्यानंतर व्याख्या बदलली तर तिचे काय करावयाचे, यांचा विचार करण्याची सवयच अनेकांना उरलेली नाही. यंत्र नावावरून फाइल शोधून आणील. त्या नावावर भरवसा ठेवावा की नाही, आणि त्या नावाचा अर्थ तोच राहिला आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे नोंद लिहिणाऱ्यानेच, लिहिण्याच्या वेळी, आवृत्तीच्या आकड्याच्या आणि तपासणीच्या रूपाने कोडात दाखल करून ठेवावयाची असतात. साठवण्याच्याच कामाचा तो अविभाज्य भाग आहे. आणि ज्याने तो टाळला त्याने आपले काम पुरे न करता त्याचा उरलेला भाग, कसलीही पूर्वसूचना न देता, आपल्यामागून येणाऱ्याच्या माथी मारला आहे.